आधी वीज काढायची, गडगडाट मागून येतो

मे महिन्यात बहिणीकडे अमळनेरला गेलो होतो. भाचा सुटीत कॉम्प्युटरवर गेम बनवत बसला होता. बोरी नदीकाठचं गाव, नांगरून ठेवलेलं रान, वळवाचा पाऊस, आणि एक पोरगं बैलजोडी हाकत घराकडे पळतंय. चित्रं झकास जमली होती. घोडं अडलं होतं ते विजेपाशी. वीज म्हणून त्याने एक वेडीवाकडी पांढरी रेघ टाकली होती आणि तिला नेटवरून उतरवलेला गडगडाट चिकटवला होता. "मामा, पहिल्यांदा दचकायला होतं, तिसऱ्यांदा हसू येतं," तो म्हणाला. वीज बांधावर पडो की सातपुड्यावर, आवाज तोच, तेवढाच, आणि दर वेळी त्याच जागी चढणारा.

मी धुळ्यात पोरांना फिजिक्स शिकवतो, त्यामुळे फुकट सल्ला द्यायची सवय आहे. म्हटलं, आवाज शोधत बसू नकोस. वीज नीट काढ, आवाज तिच्यातच असतो. मग पुढचे चार दिवस आम्ही दोघं तेच करत बसलो. त्याला जे जे समजावून सांगावं लागलं, ते इथे लिहितोय.

सुरुवात झाली स्वैपाकघरात. त्या संध्याकाळी खरोखरच वारं सुटलं आणि लाईट गेली. ट्रान्सफॉर्मरवरचा डीओ फ्यूज उडाला होता, रात्री उशिरापर्यंत काही येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओसरीवरून आजी हाका मारत होती, "आभाय गरजी ऱ्हायनं, घरमा ये!" आम्ही घरातच होतो, अंधारात, गॅस बंद करून ताईचा लायटर हातात घेऊन. दर खटक्याला मधल्या खिळ्यापासून भोवतीच्या नळीपर्यंत एक निळसर रेघ उडत होती. आवाज मुख्यतः खटक्याचाच, पण कान जवळ नेला की त्याच्या आत लपलेला ठिणगीचा बारीक टक वेगळा कळतो. आठ-दहा वेळा दाबल्यावर भाच्याच्या लक्षात आलं की रेघ एकदाही तंतोतंत त्याच वाटेने गेलेली नाही. कधी डावीकडून, कधी खालून, एकदा तर मध्येच कोपर काढून.

विजेची निम्मी गोष्ट त्या चार मिलिमीटरच्या फटीत आहे.

हवेतून एरवी वीज वाहत नाही. पण दोन सपाट पत्र्यांमध्ये १ सेंटीमीटर हवा ठेवली आणि त्यांच्यावर सुमारे ३०,००० व्होल्ट दिले, तर ती हवा दम तोडते. का? हवेत चुकार इलेक्ट्रॉन कायम फिरत असतात. काही अवकाशातून येणाऱ्या किरणांनी सुटलेले, काही माती-दगडांतल्या किरणोत्सारामुळे. व्होल्टेजचा ताण पुरेसा असला की असा एक इलेक्ट्रॉन पळत सुटतो, हवेच्या रेणूला इतक्या जोरात धडकतो की त्यातूनही एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. हे दुप्पट होणं २७ वेळा झालं की संख्या १३ कोटींवर जाते. साधारण याच सुमाराला, म्हणजे १० कोटींच्या आसपास, एक नवी गोष्ट घडते. या गर्दीचा स्वतःचाच विद्युत ताण बाहेरच्या ताणाच्या तोडीचा होतो. मग बाहेरच्या व्होल्टेजवर फारसं अवलंबून न राहता गर्दीचं टोक स्वतःच पुढची हवा फोडत जातं. या धावत्या टोकाला स्ट्रीमर म्हणतात.

आणि टोक जितकं अणकुचीदार, तितका त्याच्यापुढचा ताण जास्त. त्यामुळे जो फाटा योगायोगाने जरासा पुढे गेला, त्यालाच आणखी पुढे जायची संधी मिळते आणि मागे राहिलेले मागेच राहतात. (समाजातही असंच चालतं, पण तो विषय वेगळा.)

ढगात हेच किलोमीटरच्या मापात होतं, थोड्या गुंतागुंतीने. फुग्यांनी आणि विमानांनी ढगांच्या आत जाऊन मोजलेला ताण हवा फोडायला लागणाऱ्या ताणाच्या साधारण एक दशांशच भरतो, तरी वीज सुरू होते. ती नेमकी कशी सुरू होते, यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. सुरू झाल्यावर मात्र ती टप्प्याटप्प्याने खाली उतरते. सुमारे ५० मीटरची झेप, मग सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजावा लागेल इतका थांबा, मग पुढची झेप, बहुतेक झेपांना फाटे. ही उतरती वाट डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. ती जमिनीला भिडली की तिच्यातून खालून वर उसळणारा झोत प्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने जातो, आणि आपण ज्याला वीज चमकली म्हणतो तो हा झोत.

आता हे कॉम्प्युटरवर आणायचं. भाच्याचा पहिला विचार सरळ होता. इलेक्ट्रॉनचे नियम माहीत आहेत ना, मग तेच घाल आणि चालव. लायटरच्या फटीपुरतं हे खरंच करतात. फटीचे मायक्रोमीटरचे चौकोन पाडून, नॅनोसेकंदाहून छोट्या पावलांनी हिशेब पुढे नेतात. पण ढगासाठी? १ किलोमीटर लांब, रुंद, उंच हवेचा ठोकळा घे आणि १ मिलिमीटरचे तुकडे कर, मी म्हटलं. तुकडे किती? १ वर १८ शून्यं. प्रत्येक तुकड्यासाठी एकच आकडा साठवला तरी जगातला कुठलाही लॅपटॉप गुडघे टेकेल. आणि स्ट्रीमरसाठी १ मिलिमीटर हा तुकडा फारच जाडाभरडा आहे.

म्हणून इथे एक सुंदर पळवाट वापरतात. ती १९८४ मध्ये नीमायर, पिएत्रोनेरो आणि वीसमन या तिघांनी मांडली. इलेक्ट्रॉन मोजायचेच नाहीत, फक्त वाट कशी वाढते ते बघायचं. त्यांच्यासमोर चित्र होतं ते लिश्टेनबर्गच्या आकृत्यांचं. जर्मनीतल्या गटिंगेनच्या या प्राध्यापकाने १७७७ मध्ये विद्युतभारित राळेच्या पत्र्यावर धूळ पडल्यावर उमटलेली झाडासारखी नक्षी पाहिली होती. तीच नक्षी आकड्यांतून उगवता येईल का, हा प्रश्न.

लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. कापड चारी कडांना उंच बांधलंय आणि मध्ये एका दोरीने ते खाली जमिनीशी ओढून धरलंय. कापडाच्या कुठल्याही ठिपक्याची उंची ही त्याच्या आजूबाजूच्या ठिपक्यांच्या उंचीची सरासरी असते. ताणलेलं कापड दुसरं काही करूच शकत नाही. हवेतल्या व्होल्टेजचंही तसंच आहे. चौकटीची वही घ्या, ढगाकडच्या चौकोनात ० लिहा, जमिनीच्या ओळीत १, आणि उरलेला प्रत्येक चौकोन शेजारच्या चार चौकोनांची सरासरी होईपर्यंत आकडे सारखे करत राहा. झालं, हाच तो नकाशा. दोरीपाशी कापड जिथे एकदम तिरकं होतं, तिथे ताण सर्वांत जास्त.

आता विजेला लागून असलेले रिकामे चौकोन पाहा. त्यातला कुठला पुढे जोडायचा? इथे चिठ्ठी काढायची, पण सगळ्यांच्या नावाची एकेक चिठ्ठी नाही. ज्या चौकोनात आकडा मोठा त्याच्या चिठ्ठ्या जास्त. एक निवडायचा, तो विजेचा भाग झाला म्हणून त्यात ० लिहायचा, आणि सगळं कापड पुन्हा ताणून बसवायचं. मग पुढची चिठ्ठी. बस, एवढंच. भाच्याने २५६ गुणिले २५६ चौकोनांची वही घेतली, एका चौकोनाला १४ मीटर, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून थोडी जास्त उंची. पहिली वीज उगवायला त्याच्या जुन्या लॅपटॉपला चहा होईपर्यंत वेळ लागला, पण पडद्यावर ती फाट्याफाट्याने खाली सरकताना पाहून तो खुर्चीतून उठला. कोणी काढलेली रेघ नव्हती ती, वाढलेली होती.

चिठ्ठ्या किती पटीने वाढवायच्या यासाठी एक आकडा हातात ठेवलेला असतो, त्याला ईटा म्हणतात. ईटा शून्य केला की आकड्यांना काही किंमतच उरत नाही, वीज न होता गोळा वाढतो, भाच्याच्या शब्दांत फुलकोबी. ईटा १ केला की भरगच्च झाड. २-३ च्या पुढे नेला की मोजके फाटे आणि बरीचशी सरळ येणारी वीज, आपल्याकडे दिसते तशी. एवढी एक मूठ फिरवून मनासारखी वीज मिळते. म्हणूनच २००४ मध्ये थिओडोर किम आणि मिंग लिन यांनी हीच रीत कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये आणली. नंतर दर पावलाला अख्खं कापड न बसवता फक्त कडेच्या चौकोनांचा हिशेब ठेवायची झटपट रीतही आली. घाई असेल तर याहून स्वस्तात भागतं. सरळ रेघ घ्या, तिचा मध्यबिंदू थोडा सरकवा, मग दोन्ही अर्ध्यांचे मध्यबिंदू, असं करत जा. छायाचित्रांवरून मोजलेलं विजेचं दर वळणाचं सरासरी माप १६ अंशांच्या आसपास येतं, तेवढं सांभाळलं की डोळा फसतो. पण फाटे कुठे फुटावेत हे त्यात तुम्हीच सांगता, आणि ते लगेच ओळखू येतं.

आता आवाज. खालून उसळलेला झोत ज्या वाटेतून जातो ती वाट बोटा-दोन बोटांएवढी जाड. तिथली हवा काही मायक्रोसेकंदांत ३०,००० अंशांच्या घरात तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. फुगायला वेळच मिळत नाही, म्हणून दाब वातावरणाच्या दहापट आणि त्याहून वर चढतो. मग ती हवा धक्का देऊन बाहेर फुटते. हा धक्का सुरुवातीला आवाजाहून वेगाने धावतो, काही मीटरांत दमतो आणि साध्या ध्वनिलहरीसारखा चालू लागतो. त्याचा आलेख काढला तर इंग्रजी एन अक्षरासारखा दिसतो. दाब एकदम वर, मग सरळ उतरत खाली, मग झटकन पूर्वपदावर.

हा एन किती रुंद, यावर आवाजाची जात ठरते. आणि रुंदी ठरते एका मीटरमागे किती ऊर्जा ओतली यावर. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत आर्थर फ्यू यांनी हा हिशेब मांडला. ऊर्जा जास्त तर आवाज नुसता मोठा नाही, खर्जातलाही होतो, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. विजेत दर मीटरला लायटरच्या ठिणगीच्या लाखभर पट ऊर्जा असते असं धरलं, तर कंपनसंख्येत फरक पडेल सुमारे तीनशे पटींचा. विजेचा मुख्य जोर १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणून ठिणगीचा मुख्य जोर गेला ३०-६० हजारांवर, जिथे माणसाचा कान पोचतच नाही. आपल्याला तिची शेपटी तेवढी ऐकू येते, टक. म्हणजे अंधाऱ्या स्वैपाकघरातली ठिणगी आपल्या परीने गडगडतच होती, ऐकणारा माणूस चुकीचा होता.

पण थांबा. असा एक एन म्हणजे एक फटाका. गडगडाट दहा-दहा सेकंद कसा चालतो?

बहुतेकांचं उत्तर: डोंगरांवरून आवाज घुमतो. थोडा घुमतोही. पण अमळनेरच्या सपाट रानात घुमायला आहे काय? खरं उत्तर वीज लांब असते यात आहे. समजा, वीज तुमच्यापासून २ किलोमीटरवर पडली आणि तिची वाट सरळ ५ किलोमीटर वर गेली आहे. चमक सगळ्या वाटेवर जवळपास एकाच क्षणी झाली, म्हणजे सगळ्या वाटेने एकदमच हाळी दिली. खालच्या टोकाची हाळी २ किलोमीटर चालून येईल. वरच्या टोकाची, पायथागोरस लावा, जवळजवळ ५.४ किलोमीटर. पहिली येते सहाएक सेकंदांनी, शेवटची त्यानंतर दहा सेकंदांनी. गडगडाट म्हणजे विजेची वाट, जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत कानाने वाचलेली. वाटेचा जो भाग तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असेल, त्याच्या हाळ्या एकदम पोचतात, तो कडाका. जो भाग तुमच्यापासून दूर दूर जात असेल, त्याच्या हाळ्या एकामागून एक येतात, ती लांब गुरगुर. म्हणून एकाच विजेचा आवाज पारोळ्यात आणि चोपड्यात वेगवेगळा ऐकू येतो.

(जाता जाता: चमक आणि आवाज यांच्यात ३० सेकंदांहून कमी वेळ गेला की शेतातून पक्क्या घरात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाडाखाली तर अजिबात नाही, मग निंब कितीही डेरेदार असो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप जवळ वीज होतेय का ते सांगतं, घरातल्या एका तरी फोनवर असावं.)

म्हणजे आवाज बनवायची रीत तयारच झाली. विजेचे छोटे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचं ऐकणाऱ्यापासून अंतर काढा, अंतराला आवाजाच्या वेगाने भागा, तेवढ्या वेळानंतर तिथे एक एन ठेवा. लांबच्याचा आवाज अंतराच्या पटीत कमी करा. मुख्य वाटेला पूर्ण जोर, फाट्यांना थोडा. शिवाय हवा वरचे सूर खाऊन टाकते, १० हजार हर्ट्झचा आवाज किलोमीटरभरात जवळपास संपतो, त्यामुळे लांबच्या तुकड्यांचे एन बोथट करा. आणि सगळे एकत्र मिळवा. एका विजेत बऱ्याचदा तीन-चार झोत त्याच वाटेने जातात, मध्ये सेकंदाचा विसावा भाग वगैरे जातो, तेही हवं तर घाला. आवाजाचा वेग मात्र पुस्तकातला ३४० घेऊ नका. तो १५ अंशांचा आहे. आमच्या मे महिन्यात ४२ अंशांना तो ३५६ च्या आसपास असतो. संध्याकाळ धरून आम्ही ३५० घेतला.

चालवलं. गडगडाट आला, आणि त्याच्या मागे गुंऽऽ असा एक सूर. अगदी गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी गुणगुणते तसा. भाच्याने स्पीकर बदलला, केबल बदलली. सूर तिथेच. दोन तास गेल्यावर ट्यूब पेटली. आम्ही वहीच्या १४ मीटरच्या प्रत्येक रेघेचे चार सारखे तुकडे केले होते, म्हणजे साडेतीन मीटरचे. जे फाटे ऐकणाऱ्याच्या दिशेने नाकासमोर गेले होते, त्यांच्या हाळ्या बरोबर साडेतीन मीटरच्या फरकाने येत होत्या. ३५० भागिले साडेतीन, सेकंदाला १०० हाळ्या. आणि डीपीची गुणगुण? आपली वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा एका आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून तीही १०० हर्ट्झ! आम्ही नकळत विजेतून डीपी बनवली होती. (रिमझिम पावसात हाय टेन्शनच्या तारा चरचरतात तो मात्र वेगळा प्रकार. तिथे थेंबांच्या टोकांशी हवा खरोखर फुटत असते, म्हणजे ती लायटरच्या नात्यातली.)

तुकडे कमीजास्त लांबीचे केले, टोकं थोडी इकडेतिकडे हलवली, सूर गेला. पण खरी चूक त्याहून खोल होती. आम्ही प्रत्येक तुकडा हा ठिपका धरला होता, चहूकडे सारखा ओरडणारा. प्रत्यक्षात तो काठीसारखा असतो. काठीच्या बाजूला उभे असाल तर तिच्या सगळ्या लांबीचा धक्का एकदम बसतो. तिच्या टोकासमोर असाल तर शेजारशेजारचे धक्के एकमेकांना खोडत जातात आणि फार थोडं पोचतं. १९८२ मध्ये टोरांटोच्या हर्बर्ट रिबनर आणि रॉय यांनी वेड्यावाकड्या विजेचा आवाज असाच, काठ्या जोडून काढला. त्यातून निघणारी गोष्ट मला फार आवडते. वीज जर फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ असती, तर आपल्याला जवळच्या बिंदूचा एक कडाका आणि पुढे ओसरत जाणारा श्वास एवढंच ऐकू आलं असतं. गडगड, थांबणं, पुन्हा उसळणं, हे सगळं वळणांतून येतं. दर वळणाला काही काठ्या तुमच्याकडे बाजू करतात, काही टोक. लायटरच्या रेघेने काढलेलं ते कोपर आठवा.

काठ्या घातल्यावर भाच्याने तीच वीज चार ठिकाणांहून ऐकली. जवळून चाबूक ओढल्यासारखी, १० किलोमीटरवरून बैलगाडी लाकडी पुलावरून गेल्यासारखी. गेममधलं पोरगं पळत असताना दर पावलाला आवाज बदलत होता आणि कुठलीही फाइल चिकटवलेली नव्हती.

राहिली एक अडचण. त्याने वीज ३० किलोमीटरवर, थेट सातपुड्यावर टाकली, तरी बारीक गडगड ऐकू यायचीच. खऱ्या मे महिन्यात असं होत नाही. गच्चीवर झोपलं की उत्तरेला रात्रभर चमकत राहतं आणि हूं की चूं नाही. आवाज इतका क्षीण होतो म्हणून नव्हे. जमिनीजवळची हवा गरम, वरची थंड, आणि गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो. त्यामुळे लहरीचा खालचा भाग पुढे पळतो, वरचा मागे रेंगाळतो, आणि लहर वर वळते. ४ किलोमीटर उंचीवरून निघालेला आवाज साधारण २५ किलोमीटरपर्यंत जमिनीला कसाबसा शिवतो आणि मग डोक्यावरून निघून जातो. १ किलोमीटर उंचीवरचा तर बारा-तेरा किलोमीटरमध्येच उचलला जातो. म्हणजे लांब गेल्यावर विजेचे खालचे भाग आधी मुके होतात, वरचे शेवटी. हे नीट करायचं तर आमच्या सरळ अंतरांच्या जागी वाकलेल्या वाटा काढाव्या लागतील, प्रत्येक तुकड्यासाठी, आणि त्यात वाऱ्याचाही हिशेब.

मी धुळ्याला परतलो तेव्हा ते काम अर्धवट होतं. परवा फोनवर विचारलं, वाटा वाकल्या का? म्हणाला, "मामा, सध्या एकच ओळ टाकलीय. २५ किलोमीटरच्या पुढे आवाज शून्य."